चाळीस माणसं जमली की एक चर्च

रेझाबीबी नावाची एक बाई वारली, त्याच साली इकडे शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. म्हणजे निदान एका दगडावरचा आकडा खरा मानला तर. हा दगड आहे कोलकात्यात, बडाबाजाराच्या ऐन गर्दीतल्या आर्मेनियन चर्चच्या अंगणात. या अंगणाला वेगळी फरसबंदी अशी नाहीच. जी आहे ती थडग्यांच्या शिळांची. चर्चकडे जायचं तर कुणा ना कुणाच्या नावावर पाय पडतोच, आणि सुरुवातीला आपण उगाचच अंग चोरून चालतो.

रेझाबीबीच्या शिळेवरचा मजकूर आर्मेनियन लिपीत आहे. मथितार्थ असा: परोपकारी कै. सुकियास यांची पत्नी रेझाबीबी हिने इहलोक सोडला, नखा महिना, तारीख २१, साल १५.

साल १५. कुठलं १५?

आपल्याला हे कोडं नवीन नाही. जुन्या मोडी कागदावर 'राज्याभिषेक शके १५' दिसलं तर आपण गोंधळत नाही. १६७४ साल पहिलं धरायचं, म्हणजे पंधरावं १६८८. शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवायचे. फसली असेल तर हिशेब आणखी वेगळा. आर्मेनियन लोकांचंही असंच. त्यांचा मोठा सन इसवी ५५२ मध्ये सुरू होतो, त्यामुळे त्यात ५५१ मिळवले की ढोबळमानाने इसवी सन मिळतो. पण इराणमधल्या जुल्फा गावच्या व्यापाऱ्यांमध्ये आणखी एक छोटा सन चालायचा. तो अझारिया नावाच्या त्यांच्याच माणसाने बांधून दिला आणि त्याचं पहिलं वर्ष १६१६. त्याचे महिनेही निराळे. 'नखा' हा त्यातला चौथा, उन्हाळ्यातला. १६१६ पासून पंधरावं वर्ष मोजा: १६३०, जुलै महिना.

आता पुढची गंमत. हे आकडे अंकांत नसतात, अक्षरांत असतात. मेस्रोप मश्तोत्स नावाच्या विद्वान साधूने इसवी ४०५ च्या सुमारास आर्मेनियन लिपी घडवली तेव्हा तिची अक्षरं ३६ होती. छत्तीस म्हणजे नऊ चोक. पहिली नऊ अक्षरं १ ते ९, पुढची नऊ १० ते ९०, मग १०० ते ९००, मग १००० ते ९०००. शून्याची गरजच नाही. हे चर्च १७२४ चं, म्हणजे मोठ्या सनाने ११७३. ते लिहायला चार अक्षरं पुरतात: अठ्ठाविसावं (१०००), एकोणिसावं (१००), सोळावं (७०) आणि तिसरं (३). लिपी अजिबात येत नसली तरी अक्षरांचा तक्ता हातात घेऊन या अंगणातली निम्मी सालं तुम्हाला उलगडता येतील. दुपार मजेत जाते.

रेझाबीबीची शिळा १८९४ साली मेस्रोब सेठ या आर्मेनियन अभ्यासकाने वाचून जगापुढे आणली आणि एकच गडबड उडाली. कारण ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस जॉब चार्नॉक हुगळीच्या काठी उतरला तो १६९० मध्ये, आणि 'कोलकाता इंग्रजांनी वसवलं' हे शाळेत शिकवलेलं वाक्य त्यावरच उभं. त्याच्या ६० वर्षं आधी इथे आर्मेनियन बाई पुरली गेली असेल, तर ते वाक्य गेलंच की! शंका घेणारेही आहेत. शिळा दुसरीकडून आणली असेल, १५ हे त्या छोट्या सनाचं नसेलच, असे त्यांचे मुद्दे. माझं म्हणाल तर, एका दगडावर शहराचा जन्मदाखला लिहू नये. पण चार्नॉकही शहराचा बाप नव्हे. कलकत्ता उच्च न्यायालयानेच २००३ साली तसा निर्वाळा दिला आणि तो उतरला त्या २४ ऑगस्टला धरला जाणारा शहराचा वाढदिवस मोडीत निघाला.

मुळात हे लोक इतक्या लांब आले कसे?

आर्मेनिया म्हणजे काळा समुद्र आणि कॅस्पियन यांच्यामधला डोंगराळ मुलूख. एका बाजूला तुर्क, दुसऱ्या बाजूला इराण; दोघांच्या लढाया यांच्या अंगणात. १६०४ मध्ये इराणच्या शाह अब्बासने तुर्कांशी लढताना अरास नदीकाठचं जुल्फा हे व्यापारी गाव रिकामं केलं, जाळलं, आणि तिथल्या माणसांना हाकत इस्फहानकडे नेलं. वाटेत नदी ओलांडताना कितीतरी बुडाले. पण शाह हिशेबी होता. या लोकांना कच्च्या रेशमाचा व्यापार येतो हे तो जाणून होता. त्याने त्यांना इस्फहानच्या कुशीत नवं गाव वसवू दिलं, त्यांचा धर्म पाळू दिला, आणि रेशीम त्यांच्या हाती दिलं. ते नवं जुल्फा. भारतातले जवळपास सगळे जुने आर्मेनियन तिथले.

नव्या जुल्फातली बडी घराणी भांडवल द्यायची. तरुण गुमास्ता ते घेऊन निघायचा, वर्षानुवर्षं फिरायचा, आणि परतल्यावर पै-पैचा हिशेब देऊन ठरलेला वाटा घ्यायचा. होव्हान्नेस नावाचा असाच एक गुमास्ता १६८२ मध्ये निघाला. सुरत, आग्रा, नेपाळ करत थेट ल्हासाला पोचला आणि तिथे पाच वर्षं राहिला. कस्तुरी, सोनं, कापड, नीळ. काय घेतलं, काय विकलं, जकात किती भरली, वजनमाप कुठे कसं बदलतं, सगळं त्याने खतावणीत उतरवलं. ती खतावणी आज लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ॲम्स्टरडॅमपासून मनिलापर्यंत अशी माणसं पसरलेली होती.

इथे मुंबईकरांसाठी एक खुलासा. जुन्या कागदांत या व्यापाऱ्यांच्या नावामागे 'खोजा' लागतं: खोजा पेट्रस, खोजा सरहद. त्याचा आपल्याकडच्या खोजा जमातीशी संबंध नाही. ही फारसी 'ख्वाजा' ही पदवी, आपल्या 'शेठ'सारखी. आणि आडनावाच्या शेवटी जे 'यान' येतं ते 'अमक्याचा' या अर्थाने. आपलं 'कर' गाव सांगतं, त्यांचं 'यान' बहुधा बापजाद्याचं नाव सांगतं. भारतात आल्यावर ते पुष्कळदा गळलं. हारुत्युनचा आराथून झाला, खाचिकचा कॅचिक.

आता त्या चाळीस माणसांकडे येऊ. १६८८ च्या जूनमध्ये लंडनला ईस्ट इंडिया कंपनी आणि खोजा फानोस कलंदर यांच्यात करार झाला. कंपनीला हवं होतं की आर्मेनियन माल इराणच्या खुष्कीच्या वाटेऐवजी तिच्या जहाजांतून युरोपात जावा. त्या बदल्यात आर्मेनियन व्यापाऱ्यांना कंपनीच्या गावांत इंग्रजांच्या बरोबरीने राहायचे, घर-जमीन घ्यायचे हक्क. आणि एक कलम असं की कंपनीच्या कुठल्याही ठाण्यात ४० किंवा त्याहून अधिक आर्मेनियन राहू लागले, तर कंपनी त्यांना चर्चसाठी जागा देईल, स्वखर्चाने तात्पुरतं लाकडी चर्च उभारून देईल आणि पाद्र्याला सात वर्षं दरसाल ५० पौंड देईल.

कंपनी काही धर्मकार्याला निघाली नव्हती. चर्च आलं की पाद्री येतो. पाद्री आला की बायकामुलं येतात, लग्नं होतात, बारशी होतात, आणि फिरता व्यापारी ठाण मांडतो. ठाण मांडलेला व्यापारी कर भरतो. शिवाय चर्चला आणखी कामं होती. परमुलखात गुमास्ता मेला तर त्याच्या मालाची यादी करायची कुणी? मृत्युपत्राला साक्षीदार कोण? दोघांचा तंटा झाला तर काझीकडे किंवा इंग्रजाकडे जाण्याऐवजी आपसांत मिटवायला चार जाणते आणि एक पाद्री बसायचे. टपाल, पंचायत, नोंदणी कचेरी आणि देऊळ, सगळं एकाच छपराखाली. म्हणून मी म्हणतो, ही चर्चं पेढीच्या चोपड्यांसारखीच वाचावीत. जिथे चर्च, तिथे एके काळी माल होता.

कोलकात्यात कंपनीचा पाय रोवायलाही आर्मेनियन हात लागला. १६९८ मध्ये सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता या तीन गावांची जमीनदारी मिळवताना मोगल शाहजाद्याकडे रदबदली केली ती खोजा सरहदने. गावांचा सौदा १३०० रुपयांत झाला. इथलं पहिलं आर्मेनियन चर्च लाकडी होतं. आजचं पक्कं चर्च १७२४ मध्ये आगा नझर याने पुढाकार घेऊन बांधलं, म्हणून ते 'होली चर्च ऑफ नझारेथ'. वास्तुकार घेव्होंद, इराणहून आलेला. मनोरा १७३४ चा, मानवेल हजारमल्यान याच्या पैशातून. नदीवरचा आर्मेनियन घाटही त्यानेच बांधला. पुढे १८७३ च्या २४ फेब्रुवारीला कोलकात्याची पहिली घोड्याची ट्राम धावली ती सियालदहहून याच घाटापर्यंत.

आत गेलात तर मूर्ती शोधू नका. आर्मेनियन चर्चमध्ये पुतळ्यांचं प्रस्थ नसतं. पुढचा भाग रंगमंचासारखा चार पायऱ्या उंच, त्याला पडदा. पूजेच्या ठरावीक टप्प्यावर पडदा ओढला जातो आणि उघडतो. वेदीवर क्रूस, शुभवर्तमानाचा ग्रंथ आणि बारा शिष्यांच्या बारा समया म्हणाव्यात असे दीपदान. पूजेची भाषा 'ग्रबार', म्हणजे जुनी आर्मेनियन. आजच्या आर्मेनियन माणसाला ती तितपतच कळते, जितपत आपल्याला ज्ञानेश्वरी निरूपणाशिवाय.

पंथाची भानगड थोडक्यात सांगतो, कारण 'हे कॅथलिक की प्रॉटेस्टंट?' हा प्रश्न हमखास येतो. दोन्ही नव्हेत. परंपरेनुसार आर्मेनियाने इसवी ३०१ मध्ये ख्रिस्ती धर्म राजधर्म केला, रोमच्याही आधी. पुढे ४५१ मध्ये कॅल्सिडनला मोठी धर्मसभा भरली. ख्रिस्ताचं दैवी आणि मानवी स्वरूप शब्दांत कसं मांडायचं, हा वाद. आर्मेनियन त्या वर्षी इराणशी जिवावरच्या लढाईत गुंतले होते, सभेला गेलेच नाहीत, आणि नंतर तिथला ठराव त्यांनी मानला नाही. इजिप्तचे कॉप्ट, इथिओपियाचे ख्रिस्ती आणि केरळातले सीरियन ऑर्थोडॉक्स हे त्यांचे या बाबतीतले सोयरे. नाताळही वेगळा: ६ जानेवारी. ख्रिस्ताचा जन्म आणि बाप्तिस्मा एकाच दिवशी साजरा करायची जुनी चाल होती. बाकीच्यांनी जन्म २५ डिसेंबरला हलवला, आर्मेनियनांनी जुनंच धरून ठेवलं.

चर्च १८ वर्षांचं झालं तेव्हा कोलकात्याला धडकी भरवली ती आपल्याच लोकांनी. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ मध्ये बंगालवर चालून गेल्या, आणि त्यांच्या धास्तीने इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैल खणायचा होता, तीनएक मैलांवर काम थांबलं. मराठे कोलकात्यात आलेच नाहीत. खंदकाला मात्र नाव पडलं 'मराठा डिच'. बंगाली आई बाळाला झोपवताना अजून 'बर्गी' आले असं गाते, ते आपले बारगीर. त्या काळात बडाबाजारातला रेशमाचा आर्मेनियन व्यापारी काय म्हणत असेल, याचा विचार आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत कुठे येत नाही.

खरा घाला पडला १७५६ मध्ये, सिराजउद्दौलाचा. पुढल्या वर्षी प्लासीच्या सौद्यात मीर जाफरने नुकसानभरपाई कबूल केली तिचे आकडे बघा: कंपनीला एक कोटी, इंग्रज रहिवाशांना ५० लाख, हिंदी रहिवाशांना २० लाख, आणि आर्मेनियनांना स्वतंत्र कलमाने ७ लाख. मूठभर लोकांचं वजन किती होतं ते यावरून कळतं. हेच लोक दोन्हीकडेही होते. खोजा पेट्रस क्लाइव्ह आणि मीर जाफर यांच्यातला मध्यस्थ; त्याचा सख्खा भाऊ ग्रेगरी ऊर्फ गुर्गिन खान पुढे मीर जाफरनंतरचा नवाब मीर कासीम याचा सेनापती झाला, मुंगेरला तोफा ओतू लागला, आणि १७६३ मध्ये आपल्याच छावणीत मारला गेला.

मद्रासची गोष्ट निराळी, आणि मला तीच जास्त आवडते. तिथेही एक आर्मेनियन स्ट्रीट आहे आणि तिच्यावर १७७२ चं चर्च. पांढऱ्या भिंती, चाफ्याची झाडं, आणि चर्चपासून सुटा उभा घंटाघर-मनोरा. त्यात सहा प्रचंड घंटा. पण इथले आर्मेनियन घंटांपेक्षा छापखान्यात रमलेले. व्यापारी शहामीर शहामिरियानने १७७० च्या दशकात इथे छापखाना घातला. त्या छापखान्यातून मायदेश स्वतंत्र झाला तर तिथे राजाचं नव्हे, कायद्याचं राज्य कसं असावं, याची कलमवार घटना छापली गेली. देश नाही, सैन्य नाही, आणि मद्रासच्या उकाड्यात बसून पाचशेवर कलमं! मग १७९४ मध्ये पाद्री हारुत्युन श्मावोनियानने 'अझदरार' हे मासिक काढलं. आर्मेनियन भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक, आर्मेनियात नव्हे, मद्रासला. १८ अंक निघाले आणि १७९६ मध्ये बंद पडलं. आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' त्यानंतर ३६ वर्षांनी आलं. हा पाद्री याच चर्चच्या आवारात पुरलेला आहे.

बाकीची चर्चं भराभर सांगतो. हुगळीकाठी चिन्सुराचं सेंट जॉनचं चर्च १६९५ मध्ये सुरू झालं. तिथे दरवर्षी जानेवारीत कोलकात्याहून यात्रा जाते. मुर्शिदाबादजवळ सैदाबादला १७५८ चं, रेशमाच्या ऐन बाजारपेठेत. ढाक्याला १७८१ चं. त्या मोहल्ल्याला आजही 'अर्मानीटोला' म्हणतात. सिंगापूरला १८३५ चं. आणि आपल्या मुंबईत फोर्टमध्ये, जुन्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या नगीनदास मास्टर रोडवर, १७९६ चं सेंट पीटर्स. काळा घोड्याला वर्षानुवर्षं जाणाऱ्यांनाही हे माहीत नसतं, कारण रस्त्यावरून आधी दिसते ती शेजारची इमारत. तिचं नाव 'आरारात'. हा आर्मेनियनांचा पवित्र डोंगर, नोहाची नौका टेकली तो. राजधानी येरेव्हानमधून तो रोज दिसतो, पण उभा आहे सीमेपलीकडे, तुर्कस्तानात. सुरतेचा व्यापार मुंबईला सरकला तसे हे लोकही इकडे आले. मोठी वस्ती मात्र कधी झाली नाही. पुढे केरळच्या सीरियन परंपरेतली मंडळीही इथे प्रार्थना करू लागली. वर सांगितलेली सोयरीक इथे कामी आली.

एकोणिसाव्या शतकात रेशीम गेलं आणि पैसा नीळ, ताग, कोळसा, मग घरबांधणी यांत वळला. कोलकात्याच्या चौरंगीवरचं ग्रँड हॉटेल आराथून स्टीफनचं. पार्क स्ट्रीटवरची क्वीन्स मॅन्शन मुळात गॅल्स्टन मॅन्शन. रेसच्या घोड्यांचा शौकीन जे. सी. गॅल्स्टन याची. त्याचा स्वतःचा वाडा निजामाने घेतला, म्हणून तो आज निजाम पॅलेस. पॉल चेटर १८४६ मध्ये कोलकात्यात जन्मला, पोरका झाला, अठराव्या वर्षी हाँगकाँगला गेला आणि तिथे समुद्र हटवून जमीन करण्याच्या धंद्यात गडगंज झाला. १९२६ मध्ये तो वारला तेव्हा कोलकात्याच्या या चर्चला विसरला नव्हता.

माणसं मात्र ओसरत गेली. स्वातंत्र्यानंतर बरेच जण ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडला गेले. आज कोलकात्यात जुन्या घराण्यांतले आर्मेनियन शंभराच्या आसपास सांगतात. तरी चर्चच्या भिंतींना रंग आहे, घड्याळ आहे, अंगण झाडलेलं आहे. मृत्युपत्रांतून चर्चच्या नावे लिहिलेल्या इमारती आणि ठेवी हे त्याचं साधं कारण. मेलेली माणसं अजून भाडं भरतात, असं म्हणा ना.

आणि पोरं आहेत. १८२१ मध्ये सुरू झालेलं आर्मेनियन कॉलेज (नाव कॉलेज, प्रत्यक्षात शाळा) आज मिर्झा गालिब स्ट्रीटवर आहे. त्याच जागेवरच्या घरात १८११ मध्ये कादंबरीकार थॅकरे जन्मला होता. इथली मुलं येतात आर्मेनियाहून, इराकहून, इराणहून. राहणं-खाणं-शिकणं चर्चच्या निधीतून. रग्बीत ती शहराला भारी पडतात. आपसांत आर्मेनियन बोलतात, दुकानदाराशी हिंदी. रविवारी प्रार्थनेला त्यांनाच आणलं जातं, नाहीतर बाकं रिकामी राहायची. बडाबाजारातल्या त्या अंगणात शिळांवरून चालताना खाली बघून अक्षरं सहज वाचू शकणारी कोलकात्यातली बहुतेक माणसं हीच. त्यातली काही इस्फहानची असतात, म्हणजे नव्या जुल्फाच्याच गल्लीतली. रेझाबीबीच्या शिळेवरचं दहावं अक्षर आणि पाचवं अक्षर त्यांना तक्त्याशिवाय कळतं.